देवीच्या हारातली काळी कड

जयनगर, बेंगळूरु

तीर्थस्वरूप वन्सं,

महानंदाचा वाकून नमस्कार. गुडघ्याला शेक चालू असेलच. अंबाबाई उतार देवो. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुम्ही नवरात्रासाठी देवीला निधीच्या हातचा काचमण्यांचा हार मागितलात, मणी अर्धा दुधी, अर्धा मोरपंखी. (वर म्हणालात, "काँप्युटरवाल्या सुनेच्या हातचं देवीच्या गळ्यापर्यंत कसलं पोचतंय!" फोन स्पीकरवर होता, वन्सं.) तेव्हापासून पोरगी ऑफिसातून आली की गच्चीवर बर्नर पेटवून बसते. काचेची कांडी वितळते, मणी सुरेख गोल उतरतो, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे काळी कड! देवीच्या गळ्यात काळं! (मंगळसूत्रात चालतं हे मला कळतं, पण तुम्हाला कोण सांगणार?) घटस्थापना तोंडावर, आणि सून माझ्याशी धड बोलेना.

आधी मी मीठमोहऱ्यांनी बर्नरची दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, कड तशीच. मग घरात कांदा बंद केला. मग चिकपेटेच्या बाजारातून नव्या कांड्या आणवल्या (हा खर्च देवधर्मात लिहू की सुनेच्या हौसेत, अजून ठरत नाही). शेवटी शेजारच्या गंगव्वा म्हणाल्या, "स्वल्प थांबा अक्का, एकेक रंग वेगळा करून बघा." बघितलं. नुसता दुधी स्वच्छ. नुसता मोरपंखी, डोळे निवावेत असा. एकमेकांना चिकटवले की काळे!

निधी रडकुंडीला आली. "आई, दुधी काचेत गंधक असतं, मोरपंखीत तांबं. भेटले की असंच होणार. मी आत्यांना नाही म्हणून कळवते."

"कळव, म्हणजे त्या जन्मभर ऐकवतील! अगं, तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं तेव्हा आपण भांडं टाकतो की ताक? कल्हई करतो! मध्ये बिनरंगी काचेचा एक हात दे."

दिला तिने. कड गेली! दोघी गच्चीवरच अंबाबाईला हात जोडून उभ्या राहिलो. हार दुपारच्या बसने या पत्रासोबतच पाठवते आहे.

आपली,
महानंदा

ता. क. मधल्या मोठ्या मण्याला काळी कड आहेच. बिनरंगी काच तिथवर पुरली नाही. देवीला लावलेली तीट समजा.

आणखी ता. क. हार बघितलात की फोन मला नको, निधीला करा, आणि "छान झालाय" म्हणा. तोंडातून निघतच नसेल तर रेंज गेली म्हणून ठेवून द्या. तुम्ही काय म्हणालात ते मी तिला सांगेन. अष्टमीला आम्ही येतोय. पंगतीत तुम्हा दोघींच्या मध्ये माझं पान मांडा.