नऊ नंबरचा जोड

४ फेब्रुवारी, मंगळवार

अख्खी सकाळ बुटांच्या दुकानात. घेतला एक जोड, भांडणं दहा जोडांची!

कवायतकाकांना लेसवाले हवे होते, काळे, आरशासारखं पॉलिश घेणारे. ड्रायव्हरदादांना बिनलेसचे, तपकिरी. "कुबडी सांभाळून लेस बांधून दाखवा मला," दादा म्हणाले. काका म्हणाले, "बसून बांधावी. माणसं बसतात." "तुम्ही बसता होय? मला वाटलं, झोपतानासुद्धा सावधानमध्येच!" दुकानदार मध्ये उभा, दोन्ही हातांत एकेक बूट. त्याला आता सवय झाली आहे. न विचारता डावा दादांपुढे ठेवतो आणि उजवा काकांपुढे.

पाय गमावलेल्या माजी सैनिकांच्या आमच्या संस्थेत आम्ही याला जोड लावणं म्हणतो. एकाचा डावा पाय गेलेला, एकाचा उजवा, माप सारखं — की दोघांत एक जोड. कपाटात एकेकटे बूट पडून राहायचे, ते बघवत नव्हतं, त्यातून ही कल्पना निघाली. काकांचा डावा पाय सुरुंगानं नेला. दादा फौजेत ट्रक चालवायचे, तो उलटला आणि उजवा गेला. दोघांचेही अगदी वरून. कृत्रिम पाय लावून पाहिले, जमले नाहीत. सहा वर्षांपूर्वी या दोघांचा नऊ नंबरचा जोड मीच लावला. तेव्हापासून वर्षातून दोनदा दोघं मिळून बूट घेतात आणि उरलेलं वर्ष त्यावरून भांडतात. काकांनी एकदा दादांच्या बुटाची टाच तपासली होती. "काय घासत चालता हो तुम्ही! पुढच्या वेळी तुम्हाला पत्र्याचा घेऊ."

शेवटी ठरलं — काळे, पण बिनलेसचे. दोघंही नाराज, म्हणजे न्याय झाला.

पण बूट घालून बघताना दादांनी मोजा काढू दिला नाही. दुकानदार वाकला तर पाय झटकन मागे. मोज्याच्या टोकाला ओला डाग होता. मी पाहिला. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. बाहेर काका टॅक्सीला हात करत होते, तेवढ्यात दादा हळूच म्हणाले, "काही नाही ते, ताई. शुगरचं आहे. पण यांना कळता कामा नये. शब्द द्या."

दिला. इतक्या पटकन का दिला?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शब्द काकांपुरताच होता, अशी पळवाट काढून मेट्रनबाईंना सांगितलं. त्या निवृत्त झाल्यापासून संस्था चालवतात, पण आवाज अजून वॉर्डातलाच. दादांच्या घरी गेल्या, मोजा ओढला, म्हणाल्या, "ही बोटं दाखवायला काय मुहूर्त शोधत होतात?"

आज दादा हॉस्पिटलात. दोन बोटं काळी. डॉक्टरांचं म्हणणं, बोटांवर भागणार नाही, गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि लवकर, नाहीतर विष वर चढेल. दादा म्हणाले, नाही.

एवढंच. नाही.

वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या. मी शेजारी बसले. त्यांच्या पिशवीचा तुटलेला बंद बांधून दिला. मी अशी कामं शोधून काढते.

९ फेब्रुवारी, रविवार

काकांचा फोन. "हा ड्रायव्हर फोन का उचलत नाही?" म्हटलं, बाहेरगावी गेले असतील. 'असतील' म्हटलं की खोटं होत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. झोप लागली नाही ती नाहीच.

एकाचं दुखणं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा संस्थेचा नियम. माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेला आहे. चांगला नियम आहे. ही माणसं दयेला कंटाळलेली असतात. आपापसातली दया तर त्यांना मुळीच सोसत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात जिन्याचा नकाशा काढत होते. पायऱ्यांची उंची दोनदा चुकली. साहेब म्हणाले, "मॅडम, हा जिना कुणासाठी आहे? उंटासाठी?"

दुपारी खलाशाला फोन केला. नौदलातून आलेला, उजवा पाय नाही, डावा नऊ नंबर, जोड अजून कुणाशीच लागलेला नाही. म्हटलं, कदाचित लागेल, तयारी ठेव. दादांचा पाय गेला तर काकांची सोय व्हायला हवी — असा विचार केला. विचार कसला, हात स्वस्थ बसत नव्हते. सासूबाई म्हणतातच, "तुला काळजी वाटली की तू कपाटं आवरायला घेतेस."

माझ्या घरात कोणी फौजेत नव्हतं. लोक विचारतात, मग तुम्ही या कामात कशा? मी काहीतरी उत्तर देते. खरं उत्तर मला माहीत नाही. कोणाच्या तरी उपयोगी पडले नाही तर दिवस अंगावर येतो, एवढंच असेल का? मग हे त्यांच्यासाठी की माझ्यासाठी?

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय करून बसले!

खलाशी आज संस्थेत उगवला. बोलावलं नव्हतं. हसतमुख, बडबड्या, चांगला मुलगा. टायरच्या दुकानामागची आमची ती एवढीशी खोली, आणि समोर काका खुर्चीत. हा थेट त्यांच्यापुढे: "काका, आता आपला जोड! ताईंचा फोन आला होता. मला कुठलाही रंग चालतो बघा, मी भांडत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"ड्रायव्हरनं सांगितलं असं करायला?"

हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार — मग का? मी नुसती उभी राहिले. माझं गप्प बसणं त्यांनी उत्तर म्हणून घेतलं.

"समजलं," म्हणाले. "रंगावरून इतकं लागेल असं वाटलं नव्हतं."

मग वाकले, नवा बूट काढला, टेबलावर ठेवला, सरळ ठेवला, आणि नुसत्या मोज्यावर, कुबड्या घेऊन, दाराबाहेर. खलाशी म्हणाला, "माझं काही चुकलं का?" नाही रे बाबा.

मेट्रनबाई नेमक्या नव्हत्या. बरं झालं. त्यांनी मला फाडून खाल्लं असतं, आणि मला ते हवं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताप आहे दादांना. पाय झाकलेला, पण वास झाकता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी फार तर एक-दोन दिवस. मग पायाचा प्रश्न उरणार नाही, माणसाचा उरेल.

वहिनींनी मला कोपऱ्यात ओढलं. "तुमच्या त्या काकांना आणा की! कळू नये म्हणतात आणि दिवसभर दाराकडे बघत पडतात. कुबडीचा आवाज आला की मान वर. आणि येतो कोण, तर पलीकडच्या खाटेचा पाहुणा!"

आत गेले. विचारलं, दादा, हो का म्हणत नाही? तापात माणूस खरं बोलतो की काय कोण जाणे.

"घरी बायको आहे, पोरगी आहे, सगळं आहे, ताई. पण घराबाहेर मला कोण आहे? वर्षातून दोनदा त्या खडूस माणसाबरोबर दुकानात जातो, आणि वर्षभर तो फोनवर माझ्या टाचांचा हिशोब मागतो. पाय गेला की मी त्याचा कोण? कुठल्या निमित्तानं फोन करायचा?"

मी म्हटलं, त्यांना सांगू का? "नाही! शब्द दिलाय तुम्ही."

बूट खाटेखाली होता. डावा. दुकानानंतर एकदाही न घातलेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी

चहा गाळताना सासूबाईंना सगळं सांगितलं. नावं गाळून. त्या म्हणाल्या, "नावं काय करायचीत, एक तो भांडकुदळ आणि दुसरा तो भांडकुदळ." मग म्हणाल्या, "शब्द मोडलास तर तो तुझ्याशी बोलणार नाही. पाळलास तर बोलायला राहणार नाही. आता ऑफिसला जातेस की हॉस्पिटलला?"

त्यांना हे सोपं. मला नाही. माझ्यावर विसंबून एखाद्यानं काही सांगावं आणि मी ते दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवावं — असल्या माणसांची मला चीड आहे. आणि 'त्याच्या भल्यासाठी' म्हणून तर ते सगळेच करतात. खलाशाला फोनही मी भल्यासाठीच केला होता!

जाते आहे. ऑफिसला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काका घरी खिडकीपाशी जुन्या बुटाला पॉलिश करत होते. मी उभ्यानंच सांगितलं. सगळं — दुकानातला डाग, शब्द, 'बाहेरगावी', खलाशी. ते ब्रश फिरवत राहिले. माझं संपलं तरी फिरवत राहिले.

"किती दिवस?"

"गेल्या शुक्रवारपासून."

"आणि मी परवा आमच्या जोडाचा बूट तुमच्या टेबलावर आपटला."

आपटला नव्हता. सरळ ठेवला होता.

"आणलाय?"

पिशवीतच होता. का घेतला होता, मला सांगता येणार नाही. त्यांनी तो घातला, कुबड्या घेतल्या.

वॉर्डात शिरताना मी मागे राहिले. कुबडीचा आवाज ऐकून दादांनी मान वर केली. आधी त्यांनी काकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

काका खाटेजवळ जाऊन उभे. ताठ.

"रजा कुणी मंजूर केली?"

"तुम्ही कशाला आलात?"

"बुटाची तक्रार आहे. चावतो. लेस असती तर सैल करता आली असती."

दादा भिंतीकडे बघत म्हणाले, "आता काय, घ्या लेसवाले. डावा संपला. खलाशी आहे म्हणे एक." (वहिनींना मीच सांगून बसले होते! माझ्या तोंडाला कुलूप कुठे आहे आणि किल्ली कुठे!)

मग काका जे बोलले ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. "अरे गाढवा, बूट मला तुझ्याशिवाय मिळत नव्हता का? अख्खा जोड घ्यायचा, एक घालायचा, एक फेकायचा. सहा वर्षं तुझी कटकट ऐकत त्या दुकानात काय मी बुटासाठी येत होतो?"

सहा वर्षांत त्यांनी दादांना अरे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पलीकडच्या खाटेचा पाहुणा केळं सोलता सोलता थांबला होता.

"दुखेल ना?" दादांनी विचारलं. डॉक्टरला कधी विचारलं नव्हतं त्यांनी. आम्हालाही नाही.

"दुखेल," काका म्हणाले. "आणि मग नसलेल्या पायाला खाज येईल. ते जास्त वाईट. तुला माहीत आहे."

"आहे माहीत."

"मग? डॉक्टरला काय सांगू?"

"तुम्ही काय सांगता! माझा पाय आहे." मग वहिनींकडे वळून, "बोलाव त्यांना."

१५ फेब्रुवारी, शनिवार

झालं. गुडघ्याखाली. ताप उतरतो आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भेटायला गेले. दादांनी डोळे मिटून घेतले. झोपलेले नव्हते — पापण्या हलत होत्या. वहिनी म्हणाल्या, "बसा ना." नाही बसले. काका खुर्चीत पेपर वाचत होते, मोठ्यानं, दादांना चिडवायला निवडून निवडून वाहतुकीच्या बातम्या. मी निघाले तेव्हा म्हणाले, "वेळ लागेल, बाई."

जीव वाचला. मग मला आणखी काय हवं आहे? शाबासकी? लाज वाटते.

२३ मार्च, रविवार

संस्थेत मन लागत नाही. भिंतीवरचा नियम काढायला स्टुलावर चढले. मेट्रनबाई म्हणाल्या, "उतरा खाली. एकदा मोडला म्हणून नियम फाडतात होय? मग आम्ही किती फाडले असते!" उतरले. नियम बरोबर आहे. मोडला तेही बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला अजून जुळवता येत नाही, आणि म्हणून रात्री कूस बदलत राहते.

खलाशानं विचारलं, काकांचं काय ठरलं? काकांना विचारलं. "मी जोडात आहे," म्हणाले. बस. उजवा बूट पायात, लखलखीत. डावा दादांच्या घरी, खिडकीत. आता दादांना व्हीलचेअर. डावा बूट कुणी घालायचा, हे कोणी कोणाला विचारत नाही. भांडण मात्र चालू आहे म्हणे — खिडकीतल्या बुटावर धूळ बसते, यावरून.

माझ्याशी दादा बोलत नाहीत. सोमवारी दाराशी भेटले. मान हलवली फक्त.

५ मे, सोमवार

फोन वाजला. ड्रायव्हरदादा! त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"ताई, गुडघा राहिलाय ना, म्हणून या पायाला कृत्रिम बसेल म्हणतात. आज माप द्यायला गेलो होतो. तो कारागीर म्हणाला, पाऊल कुठल्याही नंबरचं करता येतं, सात घ्या, हलकं पडेल. म्हटलं, नऊ. नऊच कर." आणि मग, "पुढच्या मंगळवारी दुकान उघडं असतं ना? या वेळी तपकिरी. आणि ताई — हे मात्र त्यांना सांगा."