रजईची तुझी बाजू

सूनबाई,

बाकीच्या रजया उन्हात घातल्या आहेत. मी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते. समोर राहिले तर जीभ पुन्हा घसरेल. तुझी बस पाचची आहे, तोवर मी येत नाही. जेवण झाकून ठेवलंय, उपाशी निघू नकोस.

दारामागची भरलेली बॅग पाहिली. परवा मी "हे घर माझं आहे" म्हणाले, ते चुकलं. तोंडावर सांगायला हवं होतं, पण या वयात मान वाकायला वेळ लागतो.

अबोला धरूनही काल तू दहा सुया ओवून माझ्या उशीला टोचून ठेवल्या होत्यास. मला सुईचं भोक दिसत नाही, हे तू रागातही विसरली नाहीस.

पानगळ सुरू झाली की मोठी रजई उसवून, धुवून, दोघींनी दोन टोकांकडून शिवायची, ही या घरची रीत. एका वर्षी माझ्या सासूबाई आणि मी एकोणीस दिवस बोलत नव्हतो. शिवत शिवत मध्यावर आलो आणि डोक्यावर डोकं आपटलं. त्या ओरडल्या, "दिसत नाही का गं, आंधळे?" मी म्हणाले, "तुम्हाला तरी कुठे दिसतंय?" इतक्या हसलो की सुई हरवली.

मोठी रजई तुझ्या खोलीत पसरली आहे. माझ्या बाजूने मी मध्यापर्यंत आले आहे. नऊ सुया संपल्या. दहावी तुझ्या टोकाला टोचून ठेवली आहे.

— आई