दुसरं छिद्र

प्रिय सोन्या,

तुझ्या दवाखान्यावरचा नवा फलक पाहिला. 'एकच छिद्र, तेही बेंबीत. व्रण शोधून दाखवा!' आणि शेजारी हाताची घडी घालून तू. आईने तोच फोटो फ्रिजवर चिकटवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. तिचा गुडघा बरा आहे, औषधं वेळेवर घेते, आणि लेकाचं कौतुक जेवणाआधी आणि जेवणानंतर चालूच असतं.

लहानपणी तू पाहुण्यांचे सगळे पेले एकाच खेपेत उचलायचास. दोन खेपा करणं म्हणजे तुला कमीपणा. पेले फुटले की म्हणायचास, फरशी ओली होती. कोरडी ठणठणीत फरशी! आई हसायची आणि काचा मी गोळा करायचे. आता तू सर्जन झालास, मीही झाले, तरी गोळा करायचं काम माझ्याचकडे आहे.

तुझी ती पेशंट, शाळेची बस चालवणारी, आमच्या हॉस्पिटलात आली तेव्हा पिवळीधमक होती, तापाने फणफणलेली. पोटात पित्त साठलेलं. तू कळवलं होतंस, पित्ताशय काढलं, पण शरीररचनाच विचित्र होती. वा रे वा! नाचता येईना अंगण वाकडं. मी पोट उघडलं. रचना पुस्तकातल्या चित्रासारखी सरळ होती. नळी बंद करायची तुझी क्लिप पित्ताशयाच्या छोट्या नळीऐवजी मुख्य पित्तनलिकेवर बसली होती आणि नळी कापलेली होती.

काय झालं असेल ते मला तिथे नसतानाही दिसतं. एकाच भोकातून दुर्बीण आणि दोन्ही हत्यारं, एकमेकांवर आपटणारी. पित्ताशय बाजूला ओढता येईना, नळ्या वेगळ्या दिसेनात. अशा वेळी शहाणा माणूस बरगडीखाली आणखी एक छिद्र पाडतो, आधी नीट बघतो, मग कापतो. करंगळीच्या नखाएवढं छिद्र! तेवढ्याने तुझी अब्रू जात होती? एका छिद्रातून उत्तम काम करणारे हात मी पाहिलेत. त्यांना दिसेनासं झालं की ते थांबतात. तुला थांबायची लाज वाटते, आणि खरं सांगू, तुझ्या त्या लाजेची मला किळस येते.

गंमत ऐक. व्रण नको असं ती कधी म्हणालीच नव्हती. "माझं पोट बघायला कोण येतंय, डॉक्टर?" म्हणाली आणि हसली, आणि टाके ओढले म्हणून कळवळली. आता तिच्या पोटावर या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत व्रण आहे. नळीला आतडं जोडलंय. टिकेल असं वाटतं, पण वर्षानुवर्षं तपासावं लागेल. बस पुन्हा कधी चालवता येईल, हे ती रोज विचारते. आणि एवढं होऊन ती तुझीच बाजू घेते! "त्यांची काय चूक? माझंच शरीर विचित्र." ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

काल मला राहवलं नाही. म्हटलं, तुमच्या शरीरात काहीही विचित्र नव्हतं. ती म्हणाली, "मग कसं झालं हो हे?" मी म्हटलं, ज्याने केलं तोच येऊन सांगेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळी तिचा नवरा तिला घरी न्यायला येणार आहे, त्याआधी ये. खुर्ची ओढून तिच्याजवळ बस आणि सांग, की मी चुकीची नळी कापली, दिसत नसताना कापली. वकील आणू नकोस, फुलं तर मुळीच आणू नकोस. नाही आलास तर मी सांगेन. आणि एक गोष्ट तिला अजून ठाऊक नाही, की तू माझा सख्खा भाऊ आहेस. ती मात्र मीच सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

संतापलेली, पण तुझीच,
ताई