लाल वर्तुळ, निळी रेघ

शिकागो, मार्च १९७०

थॅडियस मामा,

तुमच्या जॅझची नवी तबकडी काल तुम्हीच घरी आणलीत. मागे छापलंय, सर्व रचना थॅडियस प्रुइट. माझं नाव आभारांत आहे, कॉफी केल्याबद्दल.

घरातली पहिली पदवीधर म्हणून आई मला मिरवते. त्याच शिक्षणातून मी तुमच्या बँडसाठी रचना लिहिली, कागदावर स्वरांऐवजी चित्रं मांडून. लाल वर्तुळ दिसलं की प्रत्येकाने मनात येईल ते वाजवायचं, निळी रेघ आली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. चर्चच्या तळघरात तालमीला तुम्ही हसलात, "पोरी, हे संगीत आहे की गोधडीचा नमुना?" आणि मग वाजवतच सुटलात.

काल जेवताना मी नावाचं विचारलं, तर म्हणालात, "अगं, वाजवलं आम्ही. कागदाला कुठे आवाज असतो?" आईने तुमच्या ताटात आणखी एक तळलेला मासा वाढला आणि मलाच दटावलं, "मोठ्यांना उलट बोलायला शिकवलं का कॉलेजात?"

निघताना दारातून म्हणालात, "शनिवारी ये हं. नव्या ड्रमवाल्याला तुझ्या खुणा कळत नाहीत." तेव्हा मात्र खुणा माझ्या झाल्या.

हे पत्र मी टाकणार नाही, शनिवारी मात्र येईन. मायेपोटी नाही. माझी रचना चुकीची वाजलेली मला सोसणार नाही, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

केवळ आईच्या नात्याने तुमची,
ओर्लीन