साठाव्या किलोमीटरपर्यंत

होणाऱ्या डॉक्टरीणबाई,

हे पत्र मी पाठवणार नाहीये, तेव्हा चिडू नकोस.

काल मामाने आम्हा पळणाऱ्यांना त्याच्या बुटांच्या दुकानात बसवून हंगामाची ध्येयं विचारली. यंदा तीन डोंगरी शर्यती आहेत. मामाचं म्हणणं, मुख्य शर्यत एकच धरायची, बाकीच्या सराव म्हणून पळायच्या. मी शेवटची धरली, शंभर किलोमीटरची.

“ध्येय काय?”

“साठाव्या किलोमीटरपर्यंत पोचायचं.”

“अरे गाढवा, शर्यत शंभरची आहे!”

सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकं फिरलं, स्टूल लाथाडून बाहेर पडलो. मेडिकल कॉलेजातूनही असाच निघालो होतो. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस.

साठाव्या किलोमीटरवर तपासणीचा तंबू आहे. यंदा तिथे आपल्या, म्हणजे आता तुमच्याच, कॉलेजची मुलं बसणार, आणि त्यांत तू आहेस. कुणाला थांबवायचं, कुणाला पुढे सोडायचं, हे तुम्ही ठरवणार.

माझ्या नडगीचं हाड दुखतंय गं. मामाला कळलं तर तो हंगामभर घरी बसवेल. तू नुसता हात लावलास तरी तुला समजेल. मग ओरड, थांबव, हवी तर सगळ्यांसमोर माझी अक्कल काढ.

पण मान वर न करताच तू “जा पुढे” म्हणालीस तर? तिथून पुढच्या चाळीस किलोमीटरांचं मी काहीच ठरवलेलं नाही.

‘तुझा’ लिहायची सोय न उरलेला,
भडकू