तुमच्या लाल झाडापायी कूलर बंद

सौ. शोभाताईले कामिनीचा नमस्कार. रुपरावभाऊजींचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर वाढली असं ऐकलं. माझ्यावर ओरडून वाढली असन. फोनवर तुम्ही मले बोलू देत नाही, मधातच कापता, म्हणून लिहून राहिली. माझी शाळा चौथीपर्यंत, तवा अक्षराले नावं ठेवू नका. मजकुराले ठेवा.

तुम्ही म्हणता, आईंचं इथल्या धंतोलीतल्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, अन् सासू आठ दिवस घरात नको म्हणून कामिनी मुद्दाम कूलर सुरू करून नाही राहिली, नाव मात्र पाखराचं सांगते. हे तुम्ही मलेच नाही, तुमच्या अख्ख्या उमरेड गावाले सांगतलं. (तुमच्या शेजारच्या यमुताईचा फोन आला होता. हसून राहिल्या होत्या.)

ताई, ते झाड आणलं कोणी? तुम्ही. हमेलियाची कुंडी हातात देऊन म्हणाल्या, "लाव वं कामिनी, लाल फुलं आली की हवेत उभं राहून मध पिणारं पाखरू येते." मोबाईलवर फोटोही दाखवला. मी चांगल्या धरलेल्या मिरच्या उपटून ते खिडकीखाली लावलं. झाड वाढलं, फुलं आली लालभडक. हिवाळाभर चहाचा कप घेऊन वाट पाहिली. मग शेजारची मेघा म्हणते, काकू, ते पाखरू अमेरिकेत राहते, आपल्या देशात नाहीच. म्हणजे अमेरिकेच्या पाहुण्यासाठी मी घरच्या मिरच्या उपटल्या!

आलं ते आपलं इथलंच. मेघा त्याले शिंजीर म्हणते. नर काळा, उन्हात जांभळा चमकते, कामधंदा काही नाही. दिवसभर ह्यांच्या स्कूटरच्या आरशाशी भांडते. (ह्यांना त्याचं फार कौतुक. स्वभाव सारखाच.) मादीनं मात्र कूलरच्या ताटीतली खस ओढू ओढू कूलरच्याच वायरले घरटं लटकवलं. माझीच खस, माझीच वायर! आत दोन पिल्लं. पाणी भराले कूलरचं दार उघडलं की वायर ओढली जाते अन् घरटं झोके घेते. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पोळ्या करून राहिली, अन् तुम्ही म्हणता निमित्त!

तं ऐका. बुधवारी मिस्त्रीले बोलावलं आहे. वायर काढली की घरटं जाईन, कूलर सुरू होईन. आईंनी खुशाल यावं, गार हवेत झोपावं. पाप लागलं तं अर्धं तुमच्या माथी.

तुमची भावजय,
कामिनी

ता.क. चिठ्ठी नेणारं कोणी भेटलं नाही, अन् काल आईच एकट्या एसटीनं येऊन उतरल्या. घरटं पाहिलं (अर्धंच दिसलं असन), खिडकीपाशी खुर्ची ओढली, मांडीवर काठी घेऊन बसल्या. आज मिस्त्री आला, त्याले त्यांनीच हाकललं. आता म्हणतात, "डोळ्याले पट्टी बांधली तं मांजरीकडे कोण पाहीन? पिल्लं उडाल्याबिगर मी धंतोलीले येत नाही." सकाळी मांजर समजून ह्यांनाच चप्पल मारली. नेम चांगला आहे. ऑपरेशन शुक्रवारी आहे. तारीख चुकली तं तेही तुम्ही माझ्याच नावावर लावान. म्हणून हात जोडते, उद्याच्या पहिल्या बसनं या अन् तुमच्या आईले तुम्हीच समजवा. चिठ्ठी संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरपाशी देऊन राहिली.

ता.क. दुसरा. मिस्त्रीले आईंनी हाकललं असं वर लिहिलं आहे. ह्यांनी विचारलं तं तसंच सांगा. आई आपल्या नावावर घ्याले कबूल झाल्या आहेत.