सानिकाला गप्प केलं

डिचोली, बुधवार संध्याकाळ

आज वाचनालयात उगाच बोलून बसले. शिरगावची सानिका, नववीतली, दर बुधवारी पुस्तक परत करायला येते आणि ते कसं होतं ते मला सांगत बसते. आज एक जाडजूड कादंबरी छातीशी धरून आली. "मॅडम, ही तुम्ही वाचाच! ती मुलगी आहे ना, ती भावाला शोधायला एकटीच होडी घेऊन समुद्रात जाते, आणि मग..."

पुस्तकांवर शिक्के मारता मारता मी म्हटलं, "हळू गो बाय, लोक वाचतात." वाचत होतं कोण? एक पेन्शनर, तेही डुलक्या काढत होते.

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, "सॉरी" म्हणाली आणि दुसरं न घेताच गेली. ते छातीशी धरलेलं पुस्तक काही डोळ्यांपुढून हलेना. का बोलले मी तसं? तिच्या वयात मीही दिसेल त्याला धरून गोष्टी सांगायचे. ते कधी सुटलं, आठवतसुद्धा नाही.

पुस्तक घरी आणलं. बसल्या बैठकीला साठ पानं झाली. मग राहवेना, तिच्या आईला फोन लावला आणि सानिकाला द्यायला सांगितलं.

"सानिका, तो भाऊ जिवंत आहे ना गो?"

ती एकदम ओरडलीच, "मॅडम! कितव्या पानावर आहात?"

"साठाव्या."

"मग नाही सांगणार! शंभराव्यावर आलात की लगेच फोन करा!"

आता ब्याण्णव झाली. तिकडे ती फोन हातात धरूनच बसली असणार.